वेलीला गचका का बसतो? कोरीवकामाची नक्षी काढताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

वेल काढून झाली, पानं भरून झाली, काढताना सगळं मनासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वही उघडावी तर वेल मरगळलेली. कुठेतरी ती अडखळते आहे हे दिसतं, पण बोट नेमकं कुठे ठेवावं ते कळत नाही. मग आपण एखादं पान खोडून जरा मोठं काढतो, टोक आणखी वळवतो, छायेच्या रेषा वाढवतो. तासभर बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

धातूवर हाताने कोरायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते आणि एकदा सुटली म्हणून ती कायमची सुटत नाही. मला अजूनही येते. फरक एवढाच, की आता मी आधी पानांना हात लावत नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी पानंच दुरुस्त करत होतो. माझ्या एका वहीत एकाच वेलीची सलग अकरा रूपं आहेत. पानं दर वेळी वेगळी, आणि खालची मुख्य रेषा अकराही वेळा तीच, त्याच दोन जागी सपाट झालेली. ती वही मी जपून ठेवली आहे, कारण दोष कुठे शोधायचा हे मला तिच्यातूनच कळलं.

वेल मेलेली दिसते तेव्हा दोष बहुतेक वेळा कण्यात असतो. पानं फक्त तो झाकतात किंवा उघडा पाडतात. म्हणून तपासणी कण्यापासून सुरू करायची आणि कणा निर्दोष ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कणा उघडा करून बघा

बिघडलेल्या वेलीवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त कणा उतरवून घ्या. कणा म्हणजे बुडापासून निघून वळत वळत वेटोळ्याच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे अगदी आतल्या टोकापर्यंत, जाणारी ती एकच रेषा. पानं, फाटे, छाया काहीच नको. उतरवताना सुधारू नका. हात आपोआप सुधारायला धावतो, त्याला आवरायला हवं. जशी आहे तशी रेषा घ्या, खड्ड्यांसकट.

आता तो कागद डोळ्यांच्या पातळीला जवळजवळ आडवा धरा आणि रेषेच्या अंगाने नजर टाका. फळीची कड सरळ आहे का ते बघताना सुतार एक डोळा मिटून बघतो, तसं. वरून गोल वाटणारा भाग या तिरक्या नजरेत लपत नाही. एक सपाट तुकडा दिसेल, त्याच्यापुढे बारीकसा कोपरा, मग पुन्हा वळण. कागद फिरवत चारही बाजूंनी बघा आणि जिथे जिथे असं दिसेल तिथे लाल ठिपका द्या. मग कागद उलटा करून मागच्या बाजूने बघा. ट्रेसिंग पेपरचा हा मोठा फायदा आहे, वेल आरशात बघितल्यासारखी दिसते आणि सवयीने न दिसणारे दोष समोर येतात.

नजरेवर भरवसा बसत नसेल तर आणखी एक परीक्षा आहे, तिच्यात वादाला जागा नाही. वेगवेगळ्या मापांची वर्तुळं कापलेली प्लॅस्टिकची पट्टी घ्या. कण्याच्या बाहेरच्या टोकाकडून सुरुवात करून, प्रत्येक थोड्या तुकड्याला कुठलं वर्तुळ नीट चिकटून बसतं ते बघत आत जा. आत जाताना वर्तुळ सतत लहान होत गेलं पाहिजे. २० मिलिमीटरनंतर १८, मग १६, मग १३, असं. मध्येच पुन्हा २२चं वर्तुळ बसलं तर तिथे रेषा सपाट आहे. एकदम ८वर उडी पडली तर तिथे कोपरा आहे. वेल इंग्रजी एस अक्षरासारखी पलटत असेल तर ही परीक्षा पलटण्याच्या बिंदूपासून प्रत्येक वेटोळ्यासाठी वेगळी करायची.

सपाटी आणि कोपरा येतात कुठून

लाल ठिपके बहुतेकांचे ठरावीक जागीच पडतात. चार-पाच वेली तपासल्यात तर हे तुमच्याही ध्यानात येईल. याचं कारण हातात आहे.

रेषा काढताना हात कुठल्यातरी सांध्याभोवती फिरत असतो. नुसत्या बोटांनी काढलेला कंस जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा, मनगटाभोवतीचा त्याहून मोठा, कोपर किंवा खांद्यावरून काढलेला सगळ्यात मोठा. मनगट टेकलेलं असताना कंस संपत आला, की बोटं ताणून तो पुढे रेटला जातो आणि ताणलेल्या बोटांना वळण जमत नाही, रेषा सरळ होते. ही झाली सपाटी. मग आपण हात उचलून पुढे टेकवतो. नवी जागा म्हणजे नवा मध्य, नवी त्रिज्या. दोन कंस जुळतात तिथे कोपरा पडतो. म्हणूनच सपाटी आणि कोपरा नेहमी जोडीने येतात, आधी सपाटी आणि लगेच कोपरा.

उपाय हा, की हात फिरवण्याऐवजी कागद फिरवायचा. कंसाची पोकळ बाजू तळहाताकडे असते तेव्हा हात सगळ्यात मोकळा चालतो. रेषा त्या स्थितीतून बाहेर जायला लागली की थांबा, कागद फिरवा, पोकळ बाजू पुन्हा तळहाताकडे आणा. थांबताना बोटं ताणली जाण्याच्या आधी थांबा. आणि पुढची रेषा आधीच्या टोकापासून सुरू करू नका. थोडं मागे जाऊन, झालेल्या कंसाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यावरून पेन्सिल कागदाला न टेकवता दोन-तीनदा फिरवा, चाल बसली की टेकवा. सांधा असा चालत्या रेषेत पडला की दिसत नाही.

सुरुवातीला हे फार संथ वाटतं. पण यात एक गोष्ट आपोआप साधते, जी पुढे धातूवर सोन्यासारखी उपयोगी पडते. धातूवर वळण कोरताना ग्रेव्हर (कोरायचं टोकदार हत्यार) धरलेला हात जवळजवळ जागच्या जागी असतो, दुसरा हात काम पकडलेला गोल शेगडा (व्हाइस) फिरवत असतो. वळण येतं ते त्या फिरवण्यातून. कागदावर कागद फिरवायची सवय म्हणजे त्याचीच तयारी. कागद टेबलावर चिकटवून नक्षी काढायला शिकलेल्यांना शेगड्यासमोर बसल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

केसाळ रेषेबद्दल इथेच सांगतो. एकावर एक दहा-बारा हलक्या रेषा मारून वळण काढायची सवय पुष्कळांना असते. त्या झुपक्यातून डोळा सोयीची रेषा निवडतो आणि वळण छान वाटतं. ग्रेव्हर मात्र एकच रेषा कापणार आहे. ती कुठली, हे कागदावरच ठरलेलं हवं. आराखड्याला केसाळ रेषा चालेल, शेवटचा कणा एका रेषेचा हवा.

पेन्सिल कुठली, यावर फार वेळ घालवू नका. ०.५ मिलिमीटरची एचबी पुरते.

रेषा नितळ आहे, तरी वेल ठोकळ दिसते

सपाटी नाही, कोपरा नाही, तरी वेटोळं गुंडाळलेल्या दोरीसारखं दिसतं? मग अंतरं मोजा. सारख्या जाडीची दोरी जमिनीवर गोल गोल ठेवली, की प्रत्येक फेऱ्यातलं अंतर सारखं राहतं. हे आर्किमिडीजचं स्पायरल. नेच्याचं नवं पान उलगडण्याआधी गुंडाळलेलं असतं, त्यात मात्र आत जाताना फेरे आवळत जातात. वेल जिवंत दिसायला हे आवळत जाणं लागतं. गणितात याच्या सगळ्यात शुद्ध रूपाला लॉगरिदमिक स्पायरल म्हणतात. तिथे अंतर ठरावीक मिलिमीटरने न घटता ठरावीक प्रमाणात घटतं.

या दोहोंतला घोटाळा एका प्रसिद्ध दगडावर कायमचा कोरलेला आहे. स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांना लॉगरिदमिक स्पायरलने वेड लावलं होतं. तिचा लहान-मोठा आकार केला तरी ती पुन्हा तीच राहते, या गुणामुळे ती आपल्या थडग्यावर कोरावी अशी त्यांची इच्छा होती, सोबत एक लॅटिन वचन, ज्याचा अर्थ साधारण ‘बदलूनही मी तीच होऊन पुन्हा उभी राहते’ असा होतो. १७०५ साली ते गेले. बाझेलच्या कॅथेड्रलमधल्या त्यांच्या स्मृतिशिळेवर कारागिराने वचन बरोबर कोरलं, स्पायरल मात्र सारख्या अंतराची, आर्किमिडीजच्या जातीची कोरली. हात सोप्या वळणाकडे ओढला जातो. दगडावर तीनशे वर्षांपूर्वी जे झालं तेच आपल्या वहीत रोज होतं, म्हणून त्या अनाम कारागिराबद्दल मला फार आपुलकी वाटते.

सराव असा करा. कागदावर अधिकचं चिन्ह काढा, आडवी आणि उभी रेषा. मध्यापासून उजवीकडे ४० मिलिमीटरवर ठिपका द्या. मग वर ३४, डावीकडे २८, खाली २४. पुन्हा उजवीकडे २०, वर १७, डावीकडे १४, खाली १२, उजवीकडे १०. हे ठिपके एका नितळ रेषेने जोडा. एका पूर्ण फेऱ्यात त्रिज्या निम्मी होते, ४०ची २० आणि २०ची १०. जोडताना एक काळजी घ्या. आडव्या-उभ्या रेषा ओलांडताना वळण अगदी काटकोनात जात नाही, सुमारे ६ अंश आतल्या अंगाला कलतं. हा कल प्रत्येक वेळी तेवढाच असतो. काटकोनात ओलांडलंत तर ठिपक्या-ठिपक्यांवर बारीक गचके येतील.

झालेलं काम तपासायची रीत मला फार आवडते, कारण ती बर्नुलींच्या वचनाचीच परीक्षा आहे. या वळणात अर्ध्या फेऱ्याला त्रिज्या सुमारे ०.७१ पट होते. ए४ कागदावरचा मजकूर ए५वर आणायला झेरॉक्स मशीनवर ७१ टक्के निवडतात, तेच हे प्रमाण. तुमच्या स्पायरलची ७१ टक्क्यांची प्रत काढा, ती ट्रेसिंग पेपरवर उतरवा, मध्यावर मध्य ठेवा आणि कागद अर्धा फेरा फिरवा. वळण बरोबर असेल तर लहान प्रत मोठ्या वेलीवर रेषेला रेषा बसते. जिथे ती सुटते तिथे तुमचा हात चुकला.

हा सराव डोळ्याला वळण लावण्यासाठी आहे. प्रत्यक्ष नक्षीत ठिपके मोजत बसू नका. जागेप्रमाणे वेल थोडी सैल किंवा घट्ट करावीच लागते. काही जण सोनेरी गुणोत्तराची स्पायरल समोर ठेवून शिकतात. ती मला या कामासाठी पटत नाही. तिच्यात पाव फेऱ्याला त्रिज्या १.६१८ने भागली जाते, म्हणजे पूर्ण फेऱ्यात जवळजवळ सातव्या हिश्श्यावर येते. ४० मिलिमीटरने सुरू झालेलं वळण एका फेऱ्यानंतर ६ मिलिमीटरच्याही आत जातं. एवढ्या मोठ्या पोकळीत पानं घालायची तर ती वेलीपेक्षा मोठी होतात आणि वेल हरवते.

एक बाजू चांगली, दुसरी वाईट

डावीकडे वळणारी वेल सुरेख, उजवीकडची मात्र चेपलेली, हेही नेहमीचं. आपला हात एका दिशेला सरावलेला असतो. ३ आणि ६ हे आकडे सलग वीस वेळा मोठे काढून बघा. दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं असायला हवीत, पण बहुतेकांचा एक आकडा भरदार आणि दुसरा खुरटा निघतो. चांगल्या बाजूची वेल ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद उलटा करा आणि त्या उलट्या वेलीवरून दुसऱ्या बाजूचा सराव करा. हाताला त्या दिशेची चाल कळायला काही आठवडे लागतात. तोवर चालू कामात कागद उलटून नक्षी छापायला हरकत नाही. मी तसं केलं आहे आणि त्यात कमीपणा मानत नाही.

३६ आणि ६३ मांडणीतही उपयोगी पडतात. शेजारची दोन वेटोळी ६३सारखी तोंडाला तोंड लावून असली, की मधली जागा एकच आणि बंदिस्त राहते. एखाद्या पानाच्या जोडीने ती भरते. ३६सारखी पाठीला पाठ लावून बसली तर पाठी एका बिंदूत टेकतात आणि वर-खाली दोन त्रिकोणी खाचा उरतात. नवशिका त्या खाचांत पानं कोंबतो, आणि दोन्हीकडची पानं एकमेकांशी भांडायला लागतात. छत्तीसचा आकडा म्हणतात तो इथे अक्षरशः दिसतो. खाचेत एकाच वेलीला जाऊ द्या. एकीकडचा फाटा त्रिकोणात शिरून छोटं वेटोळं करील, दुसरीकडच्या वेलीने तिथे हात आखडता घ्यावा.

पानं डिंकाने चिकटवल्यासारखी

कणा आता निर्दोष आहे असं धरू. तरीही वेल उपरी वाटत असेल तर पानांचं बूड बघा. टोक नंतर.

रेल्वेचे रूळ फुटतात तिथे उभं राहून पाहिलं तर दुसरा रूळ पहिल्यातून कसा निघतो ते दिसतं. बराच काळ दोन्ही जवळजवळ एकच असतात, मग हळूच वेगळे होतात. कुठेही काटकोन नाही, असता तर गाडी घसरली असती. पान कण्यातून तसं निघायला हवं. पानाची प्रत्येक कड मागे मागे नेली तर ती कण्यात मिसळली पाहिजे, आणि मिसळताना बुडाकडे तोंड करून मिसळली पाहिजे, कारण वाढ बुडाकडून डोळ्याकडे होते. परीक्षा सोपी आहे. पेन्सिल पानाच्या टोकावर ठेवा आणि कड धरून उलटी बुडाकडे चला. न थांबता, न वळता कण्यावर येऊन मागे जाता आलं तर पान बरोबर फुटलं आहे. मध्ये थांबून वळावं लागलं तर ते पान काठीला लावलेली पताका आहे.

फाटा फुटतो तिथली उघडी सांध्याची जागा नेहमी अवघड दिसते. जुन्या कारागिरांनी ती पानाच्या वाटीने झाकली. रोममधल्या आरा पाचिस या संगमरवरी वेदीचं लोकार्पण इ.स.पू. ९ मध्ये झालं. तिच्या खालच्या पट्ट्यांवर अॅकँथस या कातरलेल्या पानांच्या झाडाच्या एकाच मोठ्या झुबक्यातून दोन्ही अंगांना वेली पसरल्या आहेत. तिची मोठी छायाचित्रं मिळवा आणि फक्त फाटे बघा. नवी वेल जिथे निघते तिथे पानाचं आवरण आहे, आणि ते आवरण स्वतःही वाढीच्याच दिशेने झुकलेलं आहे. अशी एकच वाटी आठवडाभर वेगवेगळ्या बाजूंनी काढत राहिलो तेव्हा मला फाट्यांची भीती वाटेनाशी झाली.

पानाला स्वतःचा कणा असतो हेही विसरायला होतं. आधी पानाच्या मधोमध एक हलकी रेषा काढा, स्वल्पविरामासारखी, टोकाला वळलेली. मग तिच्या दोन्ही अंगांना कडा. बाहेरची कड भरदार, आतली थोडी चपटी. दोन्ही कडा सारख्या फुगल्या की पानाची शेंग होते. पानाच्या प्रत्येक खंडाचं टोक कुठेतरी जात असल्यासारखं दिसायला हवं, आणि ते ‘कुठेतरी’ म्हणजे बहुधा शेजारची मोकळी जागा.

जमीन आधी रंगवून बघा

नक्षीमागच्या मोकळ्या जागेला मी जमीन म्हणतो. वेल काढताना नजर वेलीवर असते आणि जमीन उरेल तशी उरते. मग काम पूर्ण झाल्यावर एका कोपऱ्यात मोठं भगदाड आणि दुसरीकडे सुईलाही जागा नाही असं होतं.

नक्षीची प्रत काढा आणि जमिनीचे सगळे तुकडे काळ्या पेनाने भरा. मग प्रत हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. काळा रंग जिथे गोळा झालेला दिसेल तिथे पानाचं टोक न्यायला हवं, जिथे तो नाहीसा झाला असेल तिथलं एखादं पान काढून टाकायला हवं. काढून टाकायचं धैर्य भरण्यापेक्षा उशिरा येतं. जमीन खोल करून काळी करायची अशी मोठ्या पानांची अमेरिकन धाटणीची वेल असेल तर ही परीक्षा टाळूच नका, कारण शेवटी तोच काळा रंग आधी दिसणार आहे. इंग्रजी धाटणीत वेटोळी बारीक आणि दाट असतात, जमीन बहुधा काढत नाहीत आणि सगळा उठाव कापाच्या जाडी-बारकेपणातून येतो. तिथे काळे तुकडे लहान असतात, पण ते सारखे वाटले गेले आहेत का हे तरी बघावंच.

भगदाडं मुळात पडू नयेत म्हणून मांडणीच्या वेळी कडेची चौकट आधी काढा, मग वेटोळ्यांच्या जागी नुसती वर्तुळं. प्रत्येक वर्तुळ चौकटीच्या अगदी जवळ कुठेतरी यावं, शेजारच्या वर्तुळाच्याही जवळ यावं. कणे त्यानंतर. वर्तुळं जुळत नसतील तर पानांनी ती जुळणार नाहीत.

कागदावर छान, धातूवर गिचमिड

वरच्या सगळ्या परीक्षांत पास झालेली वेल धातूवर गचाळ होते, तेव्हा कारण बहुतेक मापात असतं. नक्षी आपण तिप्पट मोठी काढतो आणि लहान करून धातूवर उतरवतो. तिप्पट मापात दोन रेषांमध्ये १ मिलिमीटर जागा होती, ती धातूवर ०.३३ मिलिमीटर झाली. आता टोकाचा कोन १२० अंश असलेल्या ग्रेव्हरने ०.१ मिलिमीटर खोल कापलं तर कापाची रुंदी जवळजवळ ०.३५ मिलिमीटर होते. दोन्ही रेषा तशा कापल्या तर मधला धातू उरतच नाही. त्याच खोलीला ९० अंशांचा ग्रेव्हर ०.२ मिलिमीटर रुंद कापतो. म्हणजे कागदावर रेषा काढतानाच, ती कुठल्या ग्रेव्हरने आणि किती खोल कापायची आहे हे मनात असायला हवं. तिप्पट मापाची नक्षी प्रत्यक्ष मापात छापून, भिंग न लावता बघा. जिथे रेषा एकमेकींत मिसळतात तिथे पानाचे खंड कमी करा. नक्षी लहान करताना तपशीलही कमी करावा लागतो.

छायेच्या रेषांचंही तसंच. कागदावर त्या सारख्या जाडीच्या निघतात आणि कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसतात. धातूवर प्रत्येक रेषा घडीजवळ खोल सुरू होऊन बाहेर जाताना विरत जाते. कागदावरही पेन्सिल उचलत उचलत तशाच काढा. एका पानात त्या सगळ्या एकाच बुडाकडून आल्यासारख्या वळायला हव्यात, आणि त्यांची लांबी क्रमाने घटायला हवी. बाह्यरेषा तपासून होईपर्यंत छाया घालायचीच नाही, हा नियम मी स्वतःला लावून घेतला आहे. छाया घातलेली वाकडी वेल खोडायला मन धजत नाही.

लहान वेटोळ्यांच्या बाहेरच्या कडेला खरवडल्यासारखी चमक दिसत असेल तर दोष नक्षीचा नाही. ग्रेव्हरची टाच (टोकाच्या खालच्या अंगाला घासून केलेला छोटा पैलू) लांब आहे आणि वळताना ती कापाची भिंत घासते आहे. टाच आखूड करून घ्या.

सगळी काळजी घेऊनही कधीतरी सपाटी धातूवर कापली जाते, आणि तिथे खोडरबर नाही. अशा वेळी काप लगेच खोल करू नका. सपाट झालेली रेषा अपेक्षित कंसाच्या बहुधा आतल्या बाजूला पडलेली असते. ग्रेव्हर बाहेरच्या अंगाला थोडा कलता धरून त्याच कापातून पुन्हा जा, म्हणजे बाहेरची कड फुगून कंसापर्यंत येते. आतली कड सपाटच राहते, म्हणून छायेच्या रेषा तिथूनच सुरू करा, त्या ती कड झाकतात. आणि कागदावरच्या मूळ नक्षीत ती जागा लाल ठिपक्याने दाखवून ठेवा. पुढच्या वेलीत त्या जागी येण्याआधी कागद फिरवायचा आहे.